गाडीतील हॅम रेडिओ : कारागिरांना नवे काम

खारदांड्याच्या मच्छीमारांना होडीवरचा वायरलेस संच नवा नाही. त्याचा 16 नंबरचा चॅनल, म्हणजे 156.8 मेगाहर्ट्झ, संकटातल्या हाकेसाठी असतो. हॅम रेडिओ वेगळा. तो हौशी परवानाधारकांचा असून 144 ते 146 मेगाहर्ट्झवरही चालतो. असा संच मोटारीत बसवून मागणारे गिऱ्हाईक आले, तर आपल्या ऑटो इलेक्ट्रिशियन बांधवांनी काय करावे?

प्रथम परवाना पाहावा, असे आम्ही सुचवू. केंद्रीय दूरसंचार विभागाची परीक्षा उत्तीर्ण झाल्यावरच तो मिळतो.

50 वॉटचा संच बोलताना दहा-बारा अँपिअर करंट ओढतो. सिगारेट लायटरच्या सॉकेटवरून तो देऊ नये, वायर तापते. जाड वायर थेट बॅटरीवरून आणावी, बॅटरीजवळच फ्यूज घालावा, पत्र्याच्या भोकात रबरी बुश बसवावा. एअरबॅगच्या समोर संच लावू नये. अँटेनाची काडी सुमारे अर्धा मीटर. छताच्या मधोमध उत्तम.

व्यापारी बांधवांनी एक ध्यानात घ्यावे. मालाचे भाव, ऑर्डर ही बोलणी हॅमवर चालत नाहीत. धंद्यासाठी वापरास नियमाने मनाई आहे.

मग उपयोग काय? 2004 च्या त्सुनामीत अंदमानात टेलिफोन बंद पडले, तेव्हा हॅम मंडळींनी लोकांचे निरोप पोचवले. अशा घडीला गाडीतला संच बोलला पाहिजे. म्हणून आमचे सांगणे, मजुरी रास्त घ्या, पण जोडणी कच्ची ठेवू नका.