पांढरी वास्तू छायाचित्रात करडी का दिसते?

स्पेनमधील व्हॅलेन्सिया शहरातील 'कला व विज्ञान नगरी' हे संकुल भर दुपारी पाहताना डोळे दिपतात. कॅमेऱ्यात मात्र तेच संकुल अनेकदा मळकट, करडे उमटते. याचे कारण कॅमेऱ्याच्या प्रकाशमापन पद्धतीत आहे.

१९५७ च्या महापुरानंतर तुरिया नदीचा प्रवाह शहराबाहेर वळवण्यात आला. तिच्या कोरड्या पात्रात उभ्या राहिलेल्या या संकुलातील बहुतेक वास्तू सांतियागो कालात्राव्हा या व्हॅलेन्सियाच्याच वास्तुविशारदाच्या आहेत. कमानी, फासळ्या, वक्र कवचे आणि जवळपास सर्वत्र पांढरा रंग.

कॅमेरा दृश्यातून परावर्तित होणारा प्रकाश मोजतो. समोरचे दृश्य सरासरीने मध्यम करडे, म्हणजे सुमारे १८ टक्के प्रकाश परावर्तित करणारे आहे, असे तो गृहीत धरतो. स्वच्छ पांढरी भिंत याच्या चौपट किंवा अधिक प्रकाश परत पाठवते. त्यामुळे कॅमेरा छायाचित्र सुमारे दोन स्टॉप अंधारे करतो. चौकट भिंतीनेच भरली असेल, तर एक्सपोजर एक ते दोन स्टॉप वाढवावे लागते. चौकटीत गडद आकाश आणि सावल्याही असतील, तर त्याहून कमी. ही वाढ सरसकट करणे मात्र अधिक महागात पडते. सावलीतील तपशील नंतर बराचसा उजळता येतो, पण प्रकाशाने पूर्ण भरून गेलेल्या भागातील तपशील कायमचा जातो. हिस्टोग्राम उजव्या कडेला आदळण्याआधी थांबणे म्हणूनच श्रेयस्कर.

फिल्मच्या काळातील जुना ठोकताळा येथे आजही उपयोगी आहे. निरभ्र उन्हात ॲपर्चर एफ/१६ आणि आयएसओ १०० असताना शटर सेकंदाचा सुमारे १/१२५ ठेवावा. एफ/८ ला तेच १/५०० होते. हे गणित वस्तूवर पडणाऱ्या प्रकाशाचे असल्याने भिंतीचा रंग ते फसवू शकत नाही.

पांढऱ्यावर पांढरे असताना आकार दिसतो तो केवळ सावलीमुळे. व्हॅलेन्सियात जूनमधील मध्यान्हीचा सूर्य क्षितिजापासून सुमारे ७४ अंशांवर असतो, डिसेंबरात जेमतेम २७ अंशांवर. हिवाळ्यात भर दुपारीही लांब सावल्या मिळतात. उन्हाळ्यात त्यासाठी सकाळ किंवा सायंकाळ गाठावी लागते. या सावल्यांवर आकाशाची निळसर छटा असते. ती पुसून टाकण्याचा मोह आवरलेला बरा, कारण उन्हाची प्रखरता तिच्यामुळेच जाणवते.

संकुलात अनेक ठिकाणी 'त्रेंकादीस', म्हणजे चकचकीत फरशांच्या तुकड्यांची जडणघडण आहे. प्रत्येक तुकड्याचा कोन किंचित वेगळा असल्याने काही ठिपके लखलखतात. ते पूर्ण पांढरे झाले तरी बिघडत नाही. भिंत तशी होता कामा नये.

१९९८ मध्ये खुल्या झालेल्या 'हेमिस्फेरिक'भोवती उथळ जलाशय आहे. इमारतीचा डोळ्यासारखा आकार पाण्यातील प्रतिबिंबाने पुरा होतो. आकाश गडद करण्यासाठी पोलरायझर फिरवताना पाण्याकडेही लक्ष ठेवावे लागते, कारण तोच फिल्टर प्रतिबिंब फिके करून डोळ्याचा खालचा अर्धा भाग पुसून टाकू शकतो.