संत्र्याची साल आणि निफाडचा गहू

दिवाळीच्या पहाटे उटण्याच्या वाटीतून जो गंध दरवळतो, त्यात नागरमोथा, कचोरा, वाळा आणि आंबेहळद यांच्याबरोबर संत्र्याच्या वाळलेल्या सालीचाही वाटा असतो, हे घरोघरच्या वडीलधाऱ्या स्त्रिया जाणतात. आणि पणतीच्या ज्योतीपाशी ताजी साल दुमडून पिळली असता तिच्यातून उडणारे तुषार क्षणभर पेट घेऊन चमकतात, ही मौज आमच्या पिढीतील मुलांनी डोळे चुरचुरेपर्यंत केलेली आहे. त्या तुषारांत जळते ते सालीतील सुगंधी तेल होय. रस आपण पितो, फोडी मुलांच्या हातावर ठेवतो आणि साल उकिरड्यावर टाकतो. परंतु फळाच्या गंधाचे भांडार साठलेले असते ते सालीच्या सर्वांत बाहेरच्या, नखाइतक्याही जाड नसलेल्या रंगीत थरात. याच थराच्या किसाने गव्हाच्या बिअरला सुवास देण्याची एक जुनी युरोपीय विद्या आहे. गव्हाच्या संशोधनासाठी प्रसिद्ध असलेल्या निफाडात ज्याची हयात गेली, त्याला या विद्येचे कुतूहल वाटावे, हे स्वाभाविकच म्हणावे लागेल.

हे कुतूहल जागे झाले ते पुतण्याच्या घरी. तो शिकागोस असतो. अमेरिकेत घरगुती वापरापुरती बिअर तयार करण्यास १९७८ साली झालेल्या कायद्याने मुभा मिळाली असून, दोन प्रौढ माणसे असलेल्या कुटुंबास वर्षाला २०० गॅलन, म्हणजे सुमारे ७५७ लिटर, इतकी मर्यादा घालून दिलेली आहे. एका रविवारी सकाळी स्वयंपाकघरातील मोठ्या पातेल्यात त्याने वीस लिटरांची तजवीज मांडली. निम्मे धान्य मोड आणून वाळवलेल्या सातूचे, आणि जवळजवळ निम्मे मोड न आणलेल्या गव्हाचे, तेही पोह्यांसारखे चपटे केलेले. हे भरड मिश्रण पासष्ट-सहासष्ट अंश उष्णतेच्या पाण्यात तासभर मुरत ठेवले की सातूच्या मोडातील पाचक द्रव्ये दोन्ही धान्यांतील पिष्टाची साखर करतात. नाचणीला मोड आणून बाळाचे सत्त्व करणाऱ्या आपल्या आज्यांना यातील तत्त्व नवे वाटले नसते. अडचण येते ती गाळताना. सातूचे तूस दाण्याला चिकटून राहते व तेच गाळणीचे काम करते. गव्हाचे तूस मळणीतच सुटून जाते, सबब नुसता गहू पातेल्याच्या तळाशी कणकेसारखा बसतो आणि रस खाली उतरेनासा होतो. यावर उपाय म्हणून पुतण्याने दोन मुठी भाताचे तूस त्यात मिसळले, तेव्हा मला घरच्या खळ्याची आठवण झाली.

पुढे तो गोड रस तासभर उकळायचा, कडवटपणापुरती थोडीशी हॉप्सची फुले घालायची, आणि शेवटच्या पाच मिनिटांत जाडसर कुटलेले दहा-पंधरा ग्रॅम धने व तीन-चार संत्र्यांच्या सालीचा कीस टाकायचा. मी त्याला विचारले, की एवढा मोलाचा जिन्नस आरंभीच घालून चांगला उकळू का देत नाहीस? तो म्हणाला, "काका, तेच पहिल्या वेळी केलं होतं. सगळं घर घमघमलं आणि बिअरला वासच राहिला नाही." जो गंध घरभर पसरतो तो पातेल्यातून निघून गेलेला असतो, ही साधी गोष्ट मला त्या दिवशी उमगली. संत्र्याच्या तेलात नव्वद टक्क्यांहून अधिक भाग लिमोनिन नावाच्या द्रव्याचा असतो व ते वाफेबरोबर सहज उडून जाते. म्हणून कीस अगदी अखेरीस घालून आच बंद करावी, किंवा त्याहून बरे म्हणजे आंबण्याची क्रिया उतरणीस लागल्यावर घालावा. कारण यीस्टने जोमाने सोडलेला वायूही आपल्याबरोबर गंध घेऊन जातो.

पहिल्या खेपेस त्याची दुसरीही एक चूक झाली होती. साल त्याने सुरीने सोलली, तिच्याबरोबर आतला पांढरा थर आला, आणि बिअरला जिभेच्या मुळाशी रेंगाळणारा रुक्ष कडवटपणा आला. आता तो बारीक किसणी घेतो, फळ कोमट पाण्याने चोळून मेणाचा लेप काढतो, आणि किसणीवर प्रत्येक जागी एकदोनदाच, हलक्या हाताने, फळ फिरवतो. खाली पांढरे दिसू लागले की तेथे हात थांबलाच पाहिजे. किसताना बोटांना लागणारा तेलाचा चिकट ओलावा हीच ताज्या सालीची खूण. वाळलेल्या सालीत हे तेल पुष्कळसे उडालेले असते, आणि उरलेल्याला जुनेपणाचा वास लागतो. उटण्यात ते खपून जाते, पेयात खपत नाही.

ही विद्या बेल्जमची. कॅरिबियन समुद्रातील कुरासाव बेटाच्या कडवट संत्र्यांची वाळलेली साल डच व्यापाऱ्यांच्या गलबतांतून त्या मुलखात येई, आणि होगार्डन गावच्या गढूळ, पांढुरक्या बिअरला धन्यांच्या जोडीने ती सुवास देई. १९५७ साली तेथील अखेरची भट्टी बंद पडली. तेव्हा तरुणपणी त्या भट्टीत हाताखाली काम केलेल्या पिएर सेलिस नावाच्या गवळ्याने १९६६ मध्ये हा प्रकार पुन्हा सुरू केला, आणि एका दूधवाल्याच्या चिकाटीमुळे ही पद्धत जगभर गेली. शेजारच्या जर्मनीचा मार्ग अगदी वेगळा. बव्हेरियाच्या १५१६ च्या फर्मानाने बिअरमध्ये सातू, हॉप्स आणि पाणी यांवाचून काही घालण्यास मनाई केली. पुढे गव्हाच्या बिअरचा मक्ता राजघराण्याने आपल्याकडे घेतला, आणि तेथील गव्हाच्या बिअरला केळ्याचा व लवंगेचा भास होतो तो केवळ यीस्टच्या करणीने. दोन्ही पद्धती थोर आहेत. पण मला बेल्जियन अधिक जवळची वाटते, कारण धने आणि संत्र्याची साल ही आपल्या घरातली माणसे आहेत.

आपल्याकडे या फळांचे केवढे वैभव आहे! नागपुरी संत्र्याची साल सैल व पातळ, तिच्यात पांढरा भाग थोडाच. जालन्याची मोसंबी ही गोड संत्र्याच्याच जातीची. कागदी लिंबाचा कीस तीक्ष्ण, तो मोजकाच घ्यावा. पपनसाचा पांढरा थर मात्र बोटभर जाड, तेथे किसणी फार जपून चालवावी. आणि कोल्हापूरच्या महालक्ष्मीच्या हाती असलेले म्हाळुंग! त्याच्या जाड, खडबडीत सालीइतका गंध दुसऱ्या कोणत्याही सालीत मला आढळलेला नाही.

गव्हाची बाजूही तशीच भक्कम. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या निफाड येथील संशोधन केंद्राने 'त्र्यंबक', 'तपोवन', 'नेत्रावती' हे पोळीचे आणि 'गोदावरी', 'पंचवटी' हे बन्सी जातीचे वाण दिले. मऊ, कमी प्रथिनांचा दाणा बिअरला मानवतो. बन्सीचा काचेसारखा कठीण दाणा त्या कामी तितकासा उपयोगी नाही. आपला खपली गहू तर प्राचीन मिसरी लोकांनी बिअरसाठी वापरलेल्या गव्हाचाच सगोत्र.

येथे कायद्याची बाब स्पष्ट सांगणे माझे कर्तव्य आहे. महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, १९४९, हा फेरफारांसह महाराष्ट्रात आजही अंमलात असून, परवान्यावाचून घरी बिअर तयार करणे हा त्याअन्वये गुन्हा आहे. तेव्हा शिकागोतले पातेले निफाडच्या चुलीवर कोणी चढवू नये. परवाना घेऊन हे काम करणाऱ्या लहान भट्ट्या मात्र राज्यात आहेत. २००९ साली पुण्यात डूलाली नावाची अशी भट्टी सुरू झाली, आणि त्यानंतर हा व्यवसाय चांगलाच फोफावला. द्राक्षाला शासनाने २००१ च्या धोरणाने हात दिला आणि याच निफाड तालुक्यात विंचूरला वाइन पार्क उभे राहिले. त्याच तालुक्याच्या गव्हाकडे या दृष्टीने कोणी पाहिलेले मला दिसले नाही, याची खंत वाटते.

म्हणून परवानाधारक भट्टीवाल्यांना माझी विनंती आहे, की त्यांनी एकदा निफाडचा मऊ गहू मागवून त्याची परीक्षा घ्यावी, आणि त्याच्या जोडीला वाळक्या परदेशी सालीऐवजी मोसंबीचा ताजा कीस घालून पाहावा. ज्यांना बिअरशी कर्तव्य नाही अशा वाचकांनी या दिवाळीत गव्हाच्या खिरीचे पातेले चुलीवरून उतरल्यावर, झाकण ठेवण्यापूर्वी, चिमूटभर संत्र्याच्या सालीचा ताजा कीस तीत घालावा, आणि पाच मिनिटे झाकण उघडू नये.