०.३५७ मॅग्नम काडतूस : विकास आणि उपयोग

रिव्हॉल्व्हरच्या काडतुसात अधिक दारू भरून त्याची शक्ती वाढविता येते. परंतु ते काडतूस कमी मजबूत शस्त्रात जाऊ न देणे ही खरी तांत्रिक समस्या होय. अमेरिकेत १९३५ मध्ये प्रचारात आलेल्या ०.३५७ मॅग्नम काडतुसाचा विकास या दृष्टीने उद्बोधक आहे.

तत्कालीन अमेरिकन पोलिसांचे प्रचलित काडतूस ०.३८ स्पेशल हे होते. मोटारीतून पळणाऱ्या गुन्हेगारांविरुद्ध ते अपुरे पडू लागले, कारण त्याची गोळी मोटारीचा पत्रा खात्रीने भेदत नसे. त्यामुळे १९३० मध्ये स्मिथ अँड वेसन कंपनीने जड सांगाड्याचे रिव्हॉल्व्हर काढले व त्यासाठी ०.३८ स्पेशलच्याच मापाची, पण अधिक दाबाची काडतुसे तयार झाली. मात्र माप तेच असल्याने ती जुन्या, हलक्या रिव्हॉल्व्हरमध्येही बसत आणि शस्त्र फुटण्याचा धोका संभवे.

विंचेस्टर कंपनीच्या सहकार्याने सिद्ध झालेल्या मॅग्नम काडतुसात यावर साधा उपाय योजण्यात आला. गोळीचा व्यास तोच, म्हणजे ०.३५७ इंच ठेवून पुंगळीची लांबी सुमारे ३.४ मिलीमीटरने वाढविण्यात आली. परिणामी ते ०.३८ स्पेशलच्या रिव्हॉल्व्हरमध्ये बसत नाही. उलट मॅग्नम रिव्हॉल्व्हरमध्ये मात्र दोन्ही चालतात. आजच्या अमेरिकन मानकांनुसार ०.३८ स्पेशलची कमाल दाबमर्यादा प्रति चौरस इंच १७,००० पौंड, तर मॅग्नमची ३५,००० पौंड आहे. हे पाहता त्या ३.४ मिलीमीटरचे महत्त्व ध्यानात येते.

पोलीसकार्य, हरणांची शिकार व नेमबाजी हे या काडतुसाचे प्रमुख उपयोग होत. सौम्य व स्वस्त ०.३८ स्पेशलवर सराव करण्याची सोय हा त्याचा गुण मानला गेला. तथापि त्यातच एक दोष दडला होता. एप्रिल १९७० मध्ये कॅलिफोर्नियातील न्यूहॉल येथे चार महामार्ग पोलीस मारले गेले. त्यांच्यापैकी काहींजवळ मॅग्नम काडतुसे होती, परंतु सराव मात्र ०.३८ स्पेशलवर झालेला होता. प्रत्यक्ष वापरातील काडतुसांवरच सराव व्हावा, या विचाराला त्यानंतर बळ मिळाले.

१९८० नंतर अमेरिकन पोलीस क्रमशः अर्धस्वयंचलित पिस्तुलांकडे वळले. शिकार व नेमबाजीत मात्र हे काडतूस टिकून आहे. शस्त्राची सुरक्षितता पुंगळीच्या लांबीने साधता आली. वापरणाऱ्याची सिद्धता मात्र योग्य प्रशिक्षणानेच साधते, हे या इतिहासातून स्पष्ट होते.