हरमलची काव, फ्लॉरेन्सचा चुना

हरमलात वाढलेल्या मुलाला परदेशी माणूस काहीतरी शिकताना दिसणे नवीन नाही. दिवाळी सरली की ते यायला लागतात. कोणी योग शिकतो, कोणी तबला, कोणी नुसते श्वास घ्यायला शिकतो. शाळेत असताना आम्ही समुद्रावर जायचो तेव्हा गोड्या पाण्याच्या तळ्याकडे जाणाऱ्या वाटेवर हे विद्यार्थी भेटायचे. एवढा खर्च करून इतक्या लांब शिकायला का आलात, असे त्यांना गावात कोणी विचारत नसे.

मला मात्र सगळ्यांनी विचारले. चार आठवड्यांची रजा साठवून मी इटलीतल्या फ्लॉरेन्सला चित्रकला शिकायला जातो आहे, हे घरी सांगितले तेव्हा आईने आधी कॅलेंडर पाहिले. जुलै महिना, भर पावसाचा. बाबा म्हणाले, "रजा बिनपगारी नाही ना?" आणि मामा ओसरीवरून म्हणाला, "इंजिनेर जालो, आतां चितारी जातलो?" आमच्याकडे लाकडाच्या पाटांवर, खेळण्यांवर रंगकाम करणाऱ्यांना चितारी म्हणतात. मामाने ते टोमणा म्हणून म्हटले होते, पण मला तो शब्द आवडला.

बारावीनंतर पणजीच्या कला महाविद्यालयाचा अर्ज मी आणला होता. तो भरला नाही. बीई झालो, नोकरी लागली, आणि त्याबद्दल माझी तक्रारही नाही. पण पस्तिशी जवळ आल्यावर मीटिंगमध्ये वहीच्या कडेला माणसांचे कान काढत बसण्यापेक्षा एकदा नीट शिकावे असे वाटले.

फ्लॉरेन्समध्ये उन्हाळी वर्ग घेणाऱ्या लहानमोठ्या शाळा पुष्कळ आहेत. माझी शाळा आर्नो नदीच्या पलीकडे, ओल्त्रार्नो भागात होती. तिथे अजून सुतार, चौकटी करणारे आणि चामड्याचे कारागीर काम करतात. वर्गात आम्ही अकरा जण. वयाने मी मधला, हाताने सर्वांत कच्चा. पहिला आठवडा एका प्लास्टरच्या डोक्यासमोर गेला. सकाळी नऊ ते बारा एकच डोके, एकच कोळसा. तिसऱ्या दिवशी मी बाईंना म्हणालो, झाले माझे. त्यांनी चित्र आरशात दाखवले. उजवा डोळा कपाळाकडे निघालेला! त्यांचे आवडते शब्द होते "प्यानो, प्यानो", म्हणजे सावकाश. आमच्या कामात दर दोन आठवड्यांनी काहीतरी 'डिलिव्हर' करायचे असते. एकाच नाकाकडे तीन दिवस बघणे मला शारीरिक कष्टासारखे जड गेले.

दुपारी ऊन असह्य असायचे. आम्ही मिळेल त्या चर्चच्या सावलीत वही घेऊन बसायचो. सांता मारिया देल कार्मिनेच्या चर्चमध्ये ब्रांकाची चॅपेल आहे. तिथे मासाच्चोने १४२० च्या दशकात रंगवलेली भित्तिचित्रे आहेत. बाईंनी तिथे रंगांपेक्षा जोड दाखवले. ओल्या चुन्यावर रंगवायचे, तर एका दिवसात जेवढे रंगवून होईल तेवढाच गिलावा सकाळी लावायचा. या तुकड्याला 'जोर्नाता' म्हणतात, एका दिवसाचे काम. नीट पाहिले तर भिंतीवर एका दिवसाची हद्द कुठे संपली ते कळते. चुना वाळताना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेतो आणि पुन्हा चुनखडीसारखा होतो. रंग त्यात अडकतो. तो भिंतीवर लावलेला नसतो, भिंतीचाच भाग झालेला असतो. बारावीचे रसायनशास्त्र कुठे उपयोगी पडेल सांगता येत नाही.

तिसऱ्या आठवड्यात बाई आम्हाला व्हिया माज्जो या रस्त्यावर घेऊन गेल्या. तिथे बियांका काप्पेल्लो हिचा वाडा आहे. १५७० च्या दशकात बांधलेला. त्याचा दर्शनी भाग तळापासून वरपर्यंत नक्षीने भरलेला: वेली, कलश, चेहरे, चित्रविचित्र प्राणी. सगळे करडे आणि पांढरे. मला वाटले रंगवले आहे. बाई म्हणाल्या, "रंगवलेले नाही, खरवडलेले आहे." या तंत्राला 'स्ग्राफीतो' म्हणतात. आधी गडद चुन्याचा थर, त्यावर पांढऱ्या चुन्याचा पातळ थर, आणि वरचा ओला आहे तोवर लोखंडी टोकाने खरवडायचे. खालचा काळपट रंग दिसतो, चित्र उमटते. जॉर्जो वासारीने सोळाव्या शतकात चित्रकारांच्या चरित्रांच्या आपल्या ग्रंथात याची कृती लिहून ठेवली आहे. चुन्याला गडद रंग आणायला जाळलेल्या गवताची राख मिसळायची, असे तो सांगतो.

बाकीचे फोटो काढत होते. माझ्या मात्र पोटात काहीतरी हलले. हे मी पाहिले होते. उलटे आणि लाल रंगात, पण हेच.

आपल्याकडे त्याला काव किंवा कावी म्हणतात. गोवा, कारवार आणि खाली कर्नाटकाच्या किनाऱ्यावरची जुनी देवळे आठवा. पेडणे तालुक्यातल्या वाचकांनी मोरजीच्या मोरजाई देवळात, पार्शेच्या भगवतीच्या देवळात ही लाल-पांढरी नक्षी पाहिली असेल. पाहिली म्हणजे समोरून गेला असाल, मीही तसाच गेलो होतो. शिंपल्या भाजून केलेला चुना आणि नदीची धुतलेली वाळू गुळाच्या पाण्यात कालवून दिवसचे दिवस मुरवायची, मग कुटून एकजीव करायची. भिंतीवर तो पांढरा थर, त्यावर हुरमुंजी लाल मातीचा थर. तो ओला असतानाच दाभणासारख्या टोकाने आणि कंपासने कोरायचे, म्हणजे खालचा पांढरा दिसतो. शेवटी नदीतल्या गुळगुळीत गोट्याने घासून झळाळी आणायची आणि काही दिवस पाणी शिंपडत राहायचे. फ्लॉरेन्समध्ये काळ्यावर पांढरे लावून काळे उघडतात, आम्ही पांढऱ्यावर लाल लावून पांढरे उघडतो.

आता मला जे सांगायचे आहे ते सांगतो. आमच्या नात्यातल्या एका घराण्याचे छोटे देऊळ आहे. त्याच्या बाहेरच्या भिंतीवर कावीचे दोन पट्टे होते: मोरांची जोडी, कमळे आणि सोंड वर केलेला एक हत्ती. लहानपणी आरती लांबली की मी त्या हत्तीच्या पाठीवरून बोट फिरवत उभा राहायचो. काही वर्षांपूर्वी जीर्णोद्धार ठरला. पैसे मीही दिले. एवढेच नाही, घरात मी एकटाच इंजिनिअर म्हणून खर्चाचे एक्सेल मी केले. भिंतीला ओल येते, पोपडे सुटतात, तर टाइल्स बसवाव्या, धुवायला सोप्या, असे मीच त्या तक्त्यात लिहिले. 'जुना गिलावा काढणे' असा एक रकाना होता, चौरस मीटरच्या दराने. तो हत्ती त्या रकान्यात गेला. कोणाला दोष द्यायचा तर तो तक्ता अजून माझ्याच लॅपटॉपवर आहे.

त्या संध्याकाळी मी खोलीवर जाऊन तो तक्ता उघडून पाहिला. मग आर्नोच्या काठावर उगाच बराच वेळ चाललो. ४ नोव्हेंबर १९६६ ला या नदीला आलेल्या पुराने अर्धे शहर चिखलात बुडवले होते. हजारो चित्रे आणि पुस्तके भिजली. तेव्हा कुठून कुठून आलेली तरुण पोरे गुडघाभर चिखलात उभी राहून ती बाहेर काढत होती. त्यांना तिथे अजून 'चिखलातले देवदूत' म्हणतात. आमच्याकडे पूर आला नव्हता, फक्त दरपत्रक आले होते.

शेवटच्या आठवड्यात प्रत्येकाने एक फूट चौरसाचा स्ग्राफीतो करायचा होता. मी हत्ती घेतला. आठवणीतून. सोंड डावीकडे होती की उजवीकडे, हेही नक्की आठवेना. खरवडताना चूक झाली की परत येता येत नाही, कंट्रोल झेड नाही. चुना घट्ट होण्याआधी तीनचार तासांत काय ते उरकायचे. माझ्या हत्तीचा मागचा पाय जाड झाला. बाई म्हणाल्या, पोट छान आहे.

तुमच्यापैकी कोणाला असे जायचे असेल, तर कामाचे थोडे सांगतो. नव्वद दिवसांच्या आतल्या वर्गाला शेंगेन अल्पमुदतीचा व्हिसा चालतो. त्याची फी जून २०२४ पासून प्रौढांना ९० युरो आहे आणि किमान ३०,००० युरोचा प्रवासी आरोग्य विमा लागतो. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. शेवटच्या पंधरवड्यावर ठेवू नका. उन्हाळ्यात खोल्या महाग असतात, नदीपलीकडे किंवा गावाबाहेर ट्रामच्या वाटेवर पाहा. सरकारी संग्रहालये महिन्याच्या पहिल्या रविवारी फुकट असतात, पण गर्दी जत्रेसारखी. उफ्फीत्सी सोमवारी बंद असते. 'उफ्फीत्सी' म्हणजे शब्दशः कचेऱ्या. वासारीने १५६० मध्ये ती इमारत सरकारी कचेऱ्यांसाठीच बांधायला घेतली होती. त्यामुळे सुट्टी काढून मी शेवटी ऑफिसातच गेलो, असे माझी बायको म्हणते. आणि चार आठवड्यांत मिळते ते हजेरीचे प्रमाणपत्र, पदवी नव्हे. नोकरी बदलण्यासाठी जाऊ नका.

परदेशी जाऊन आपले चित्र विसरायला होते, असे एक काका म्हणाले. मला मडगावचे लक्ष्मण पै आठवतात. जन्म १९२६, शिक्षण मुंबईच्या जे. जे. मध्ये. १९५१ मध्ये ते पॅरिसला गेले आणि दहा वर्षे राहिले. तिथे भित्तिचित्र आणि एचिंग शिकले. पण तिथे असतानाच त्यांनी गीतगोविंदावर चित्रमालिका केली आणि त्यांची रेषा भारतीय लघुचित्रांकडे वळली. पुढे १९७७ ते १९८७ ते पणजीच्या कला महाविद्यालयाचे प्राचार्य होते. म्हणजे ज्याचा अर्ज मी भरला नाही, तेच.

चतुर्थीला घरी आलो तेव्हा मामाला हत्तीचा फोटो दाखवला. त्याने चष्मा लावून बराच वेळ पाहिला. मग म्हणाला, "सोंड दुसऱ्या वटेन आसली." त्याला सगळे आठवत होते. कमळाच्या पाकळ्या किती, मोराच्या चोचीत काय. त्याचा आजोबा सांगायचा म्हणे, की गिलाव्यासाठी आणलेला गूळ पोरे चोरून खायची, म्हणून भांड्यावर माणूस बसवावा लागे. मी विचारले, मग टाइल्स लावताना बोलला का नाहीस? तो शांतपणे म्हणाला, "तेन्ना माका कोणें विचारलें?"

दुसऱ्या दिवशी पावसाची उघडीप पाहून मी, मामा आणि माझी भाची मोरजीला गेलो. भाची बारावीत आहे, तिच्याही दप्तरात कला महाविद्यालयाचा अर्ज आहे. तिने वहीत रेषा उतरवल्या, मी मापे घेतली, मामा येणाऱ्या-जाणाऱ्यांना हे कसे करतात ते समजावत बसला. टाइल्सखालचा हत्ती परत येणार नाही, ते तिघांनाही माहीत आहे. पण मामाच्या आठवणीवरून भाचीने तो पूर्ण मापात काढला आहे आणि त्याची सोंड आता बरोबर बाजूला आहे.

डिसेंबरात परसात पहिला तुकडा केला. लाल थर वाळताना फुटला. दुसऱ्यात चुना कमी मुरला होता. तिसरा त्यातल्या त्यात बरा आहे, कडेला एकच भेग. चौथ्यासाठीचा चुना गुळाच्या पाण्यासकट मागच्या पडवीत बादलीत मुरतो आहे. वर ओले गोणपाट टाकले आहे आणि भाचीने त्यावर खडूने लिहिलेली पाटी ठेवली आहे: हात लावू नये, आणि गूळ मोजलेला आहे.