झाकण उघडतं का?

बाटलीतलं औषध गुणकारी आहे, पण झाकणच उघडत नाही, तर रोग्याला त्याचा काय उपयोग? आज मोबाइलवर रक्तातल्या साखरेची नोंद ठेवता येते, पथ्यपाण्याचे पाठ मिळतात. केंद्र सरकारच्या ‘ई-संजीवनी’वर एप्रिल २०२० पासून घरबसल्या डॉक्टरांचा सल्लाही मिळू लागला. पण अशी साधनं सामान्य माणसाला वापरता येतात का, हे कसं तपासायचं?

समजा, मधुमेह असलेल्या एका आजींच्या हाती असं साधन दिलं. “आवडलं का?” असं विचारलंत, तर भिडेखातर त्या “छान आहे हो” म्हणतील. म्हणून मत विचारू नये, काम सांगावं. “आजी, आजची साखर यात लिहा बरं. मनात येईल ते बोलत राहा.” मग आपण गप्प बसायचं. बोट कुठं अडखळतं, कोणता शब्द कळत नाही, किती वेळ लागतो, ते टिपायचं. शिकवायचं मात्र नाही. आम्हा मास्तरमंडळींना हेच सर्वांत जड जातं! उपाशीपोटीचा आकडा जेवणानंतरच्या चौकटीत गेला, तर पुढचा सल्लाही चुकू शकतो. अशी चार-पाच माणसं बसवली, तरी ठळक दोष उघडे पडतात. ते दुरुस्त करून पुन्हा नवी माणसं बसवावीत.

याला मापही आहे. इंग्लंडमध्ये जॉन ब्रुक यांनी १९८६ मध्ये दहा विधानांची प्रश्नावली तयार केली. प्रत्येक विधान कितपत पटतं, ते १ ते ५ या आकड्यांत सांगायचं. विषम क्रमांकाची विधाने साधनाच्या बाजूची; त्यांच्या आकड्यातून १ वजा करा. सम क्रमांकाची विरुद्ध बाजूची. त्यांचा आकडा ५ मधून वजा करा. सगळ्यांच्या बेरजेला अडीचनं गुणा. बेरीज २८ आली, तर गुण झाले ७०. साधारण सरासरी ६८ धरतात. हे टक्के नव्हेत, आणि दोष कुठं आहे तेही यातून कळत नाही. त्यासाठी आजींच्या शेजारीच बसायला हवं.

माणूस अडला की म्हणतो, “मी अडाणी, मला जमत नाही,” आणि मोबाइल बाजूला ठेवतो. औषधोपचार तिथंच थांबतो. तपासणाऱ्यानं एवढं पक्कं ध्यानात ठेवावं : परीक्षा आजींची नाही, साधनाची आहे.