आद्याक्षर, प्रतीक आणि शीर्षक : गीतनिवडीच्या दोन परंपरा

आद्यध्वनीवरून गीत निवडण्याची रीत भारतात आणि जपानमध्ये अशा दोन्हीकडे आढळते. आपल्याकडे तिचे परिचित रूप म्हणजे गाण्याच्या भेंड्या. जपानमध्ये कराओकेची गीतसूची. १९७१ साली कोबे येथे इनोउए दाइसुके यांनी वाद्यसंगीताची साथ पुरविणारे यंत्र प्रचारात आणले आणि त्यानंतर गाण्यांच्या जाडजूड याद्या ही कराओकेची गरज बनली. या याद्या गायकाच्या नावाप्रमाणेच शीर्षकाच्या आद्यध्वनीनुसारही लावलेल्या असतात. आजच्या इलेक्ट्रॉनिक फलकांवरही हा मार्ग कायम आहे. मागील शीर्षकाच्या अंत्य ध्वनीने सुरू होणारे शीर्षक पुढच्याने निवडायचे, असा खेळही तेथे खेळला जातो. त्याचे मूळ 'शिरितोरी' या शब्दखेळात आहे.

या याद्यांचा वर्णक्रम भारतीय वळणाचा आहे. 'गोजूओन' या नावाने ओळखला जाणारा हा क्रम आ, इ, उ, ए, ओ या स्वरांनी सुरू होतो. पुढे क, स, त, न, ह, म, य, र, व अशा ओळी येतात. संस्कृत वर्णमालेचे स्थान-विवेकावर उभे असलेले तत्त्व यात सहज ओळखता येते. चवर्गाच्या जागी स आहे, कारण त्या काळातील जपानी स चा उच्चार चकाराच्या जवळचा असावा असे अभ्यासक मानतात. पवर्गाच्या जागी ह आहे, कारण तो मूळच्या प पासून आला आहे. बौद्ध भिक्षूंनी मंत्रोच्चारासाठी केलेल्या सिद्धम् लिपीच्या अध्ययनातून ही मांडणी घडली. कूकाई (७७४-८३५) हा आचार्य ८०६ मध्ये चीनहून ही विद्या घेऊन परतला. सिद्धम् लिपीचा उगम गुप्तकालीन ब्राह्मीत असल्याने, वाराणसीहून सारनाथला जाऊन तेथील गुप्तकालीन लेख पाहणाऱ्यास टोकियोतील गीतसूचीच्या पूर्वजांपैकी एक भेटतो, असे म्हणण्यास हरकत नाही.

परंतु क्रमाचे मूळ समान असले तरी त्या क्रमाने जे लावले जाते ते भिन्न आहे, आणि तुलनाकाराने थांबावे ते येथे. जपानी यादीत शीर्षक असते. शीर्षक हे गीतकाराने वा प्रकाशकाने दिलेले स्वतंत्र नाव होय. ते गीताच्या आरंभी येईलच असे नाही. आपल्या परंपरेत गीताचा आरंभ हेच त्याचे नाव. वैदिकांनी यास 'प्रतीक' म्हटले : मंत्राचे आद्य शब्द उच्चारले की मंत्र निर्दिष्ट झाला. कात्यायनाची सर्वानुक्रमणी सूक्तांची नोंद प्रतीकांनीच करते. ईश आणि केन ही उपनिषदांची नावेही आद्य शब्दांवरूनच आली. ब्लूमफील्डचा १९०६ चा वैदिक पादकोश या पद्धतीचा आधुनिक विस्तार म्हणता येईल. संस्कृत पाठशाळांतील श्लोकांत्याक्षरी आणि वाराणसीच्या परिसरात रंगणारी रामचरितमानसावरील अंत्याक्षरी याच जाणिवेवर चालते. श्लोकाला शीर्षक नसते, म्हणून खेळाडूला प्रत्यक्ष श्लोकच म्हणावा लागतो.

मराठीत अभंगगाथांच्या मुद्रित आवृत्त्यांना जोडलेली अकारविल्हे सूची हीसुद्धा प्रतीकसूचीच. मात्र येथे एक अडचण आहे. गाथेतील अनेक अभंगांचे ध्रुपद दुसऱ्या कडव्याला येते, आणि कीर्तनात श्रोत्याच्या कानात घोळते ते ध्रुपद. परिणामी स्मरणात असलेला चरण सूचीत सापडत नाही. कराओकेच्या ग्राहकाचीही हीच फजिती होते : त्याला 'साबी', म्हणजे गीताचा चढा, पुनरावृत्त भाग आठवतो, शीर्षक नव्हे.

१९६१ चे साकामोतो क्यू यांचे 'उए ओ मुइते अरुको' हे गीत या दृष्टीने बोलके आहे. जपानी यादीत ते उ खाली येते. १९६३ मध्ये ते अमेरिकेत गाजले ते 'सुकियाकी' या नावाने. हे एका मांसाहारी पदार्थाचे नाव असून गीताशी त्याचा काडीचाही संबंध नाही. शीर्षक बदलताच गीताचे सूचीतील स्थान बदलले. प्रतीकाने ओळखल्या जाणाऱ्या पदाच्या बाबतीत असा बदल आरंभीचे शब्दच बदलल्याखेरीज संभवत नाही.

ध्वनी आणि अक्षर यांचा संबंधही दोन्हीकडे उलटा दिसतो. जपानीत एकाच चित्राक्षराची अनेक वाचने असल्यामुळे लिखित यादीसुद्धा उच्चारावरच लावावी लागते. उलट भेंड्या हा मौखिक खेळ असूनही त्यात अक्षराचे राज्य चालते : 'चंद्र' आणि 'चमचा' यांतील दोन भिन्न चकार कानाला स्पष्ट जाणवतात, तरी भेंडीत ते एकच. ळ वा ण वर गाणे संपले की ल, न चालवून घेण्याची तडजोड सर्वपरिचित आहे. शिरितोरीत मात्र सवलत नाही. तेथे अनुनासिक 'न्' वर संपणारा शब्द उच्चारणारा थेट बाद होतो, कारण त्या ध्वनीने जपानीत शब्द सुरूच होत नाही.