शाळेचे शिबिर आणि पालक-डॉक्टर

दिवाळी आटोपली, हवेत गारवा आला की आमच्या शहरातील शाळांची शिबिरे निघू लागतात, आणि त्याच सुमारास बालरोगतज्ज्ञाकडे एका विशिष्ट कागदाची मागणी वाढते. ‘आमच्या मुलाला हे झेपणार नाही, तेवढे सर्टिफिकेट लिहून द्या,’ असे सांगत पालक येतात. असे कागद मीही पुष्कळ लिहिले. त्यांपैकी एक कागद मला अजूनही अस्वस्थ करतो. या लेखाचे निमित्त तोच आहे.

काही वर्षांपूर्वी, माझा मुलगा सहावीत असताना, त्याच्या शाळेने विकाराबादजवळच्या अनंतगिरीला दोन रात्रींचे शिबिर ठरविले आणि सोबतीसाठी पालकांना विचारले. मी होकार दिला, तो अर्थातच आपल्या मुलावर लक्ष ठेवता यावे म्हणून! तेथे पोहोचताच शिक्षिकांनी नियम सांगितला की, कोणताही पालक स्वतःच्या मुलाच्या गटात राहणार नाही. मला मुलींचा एक गट मिळाला. त्यात माझीच एक जुनी रुग्ण होती. तिला दमा होता. टेकडी चढायला निघताना तिने अगदी सहज विचारले, “आंटी, मागच्या वर्षी मी जाऊ नये म्हणून तुम्हीच लिहून दिलं होतं ना?”

मी निरुत्तर झाले. तिचा दमा त्या वर्षीही आटोक्यात होता. आईची भीती मोठी होती आणि बाहेर रुग्णांची रांग होती. समजावून सांगण्यापेक्षा सही करणे मला सोपे वाटले होते, इतकेच. चढणीच्या पंधरा मिनिटे आधी इनहेलरचे दोन फवारे घेऊन ती मुलगी माझ्या कितीतरी आधी वर जाऊन पोहोचली.

मुलांनी घराबाहेर का पडावे?

जागतिक आरोग्य संघटना ५ ते १७ वर्षे वयाच्या मुलांसाठी रोज सरासरी किमान ६० मिनिटांची शारीरिक हालचाल सुचविते. शहरी मुलांच्या दिनक्रमात तेवढी मोकळीक सहसा उरत नाही. दुसरा मुद्दा डोळ्यांचा. सिडनीतील शाळकरी मुलांच्या २००८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, अधिक वेळ उघड्यावर घालविणाऱ्या मुलांमध्ये लघुदृष्टीचे प्रमाण कमी आढळले. प्रखर नैसर्गिक प्रकाशामुळे दृष्टिपटलात डोपामिन स्रवते आणि नेत्रगोलाची लांबी वाढण्यास आळा बसतो, असे मानले जाते. वर्गात ३०० ते ५०० लक्स प्रकाश असतो. बाहेर झाडाच्या सावलीतही तो त्याच्या अनेक पट भरतो. तैवानने २०१० पासून शाळांमध्ये रोज १२० मिनिटे बाहेर काढण्याचा उपक्रम राबविला, तो याच विचाराने.

दोन दिवसांच्या शिबिराने डोळे सुधारत नाहीत, हे खरे. परंतु बाहेर राहण्याची गोडी तेथे लागते. या बाबतीत आपण हैदराबादकर भाग्यवान आहोत. सुमारे अडीचशे कोटी वर्षांचे ग्रॅनाइटचे खडक आपल्या दाराशी आहेत. बंजारा हिल्सला लागून केबीआर उद्यान आणि चिलकूरजवळ मृगवनी आहे. ज्या मुसीने १९०८ साली शहर बुडविले आणि जिच्यामुळे पुढे उस्मानसागर व हिमायतसागर बांधले गेले, ती अनंतगिरीच्या टेकड्यांत उगम पावते. हे पाठ्यपुस्तकात वाचणे वेगळे आणि तेथे उभे राहून पाहणे वेगळे.

खरे धोके कोणते?

पालक बिबट्याला भितात. मी मात्र चार गोष्टींना भिते: ऊन, पाणी, मधमाशा आणि रात्रीची जमीन.

उन्हात मूल दमले, तर सावली, ओला कपडा आणि ओआरएस. एक लिटरचे पाकीट एक लिटर पाण्यातच विरघळवावे. ‘ओआरएस’ नावाने विकल्या जाणाऱ्या गोड पेयांविरुद्ध आपल्याच शहरातील बालरोगतज्ज्ञ डॉ. शिवरंजनी संतोष यांनी दीर्घ लढा दिला. ऑक्टोबर २०२५ मध्ये अन्न सुरक्षा प्राधिकरणाने अशा पेयांना ते नाव वापरण्यास मनाई केली. तरीही पाकिटावरील घटक वाचूनच खरेदी करावी.

तलाव व खाणीतील डोह लांबूनच पाहावेत. खडकांच्या कपारीत आग्या मोहोळ असते. तेथे दगड, धूर आणि उग्र अत्तर वर्ज्य. माशा उठल्याच, तर चेहरा झाकून दूर पळावे. डॉक्टर स्वयंसेवकाच्या पिशवीत अॅड्रिनॅलिन हवेच. तीव्र अॅलर्जीत ते किलोमागे ०.०१ मिलिग्रॅम या प्रमाणात मांडीच्या बाहेरच्या स्नायूत द्यावे. त्यास विलंब करू नये.

मण्यार रात्री जमिनीवर झोपलेल्यांना चावते. दंश दुखत नाही, सूजही येत नाही. पहाटे पोटदुखी आणि पापण्या जड होणे एवढीच लक्षणे दिसू शकतात. म्हणून खाट आणि नीट खोचलेली मच्छरदाणी असावी, रात्री टॉर्चशिवाय पाऊल टाकू नये, सकाळी बूट झटकावेत. सर्पदंश झाल्यास अवयव स्थिर ठेवावा, कापू नये, घट्ट आवळू नये आणि थेट प्रतिविष असलेल्या रुग्णालयात न्यावे. १०८ ही सेवा २००५ साली आपल्याच शहरातून सुरू झाली. मुक्कामी मोबाइल लागतो का आणि जवळचे रुग्णालय कोणते, हे निघण्यापूर्वीच विचारून ठेवावे.

पालकाने काय करावे?

मुले मोजावीत, पुन्हा मोजावीत. आपल्या मुलाची बॅग उचलू नये. रात्री घरची आठवण येऊन कुणी रडले, तर लगेच घरी फोन लावून देऊ नये. जवळ बसावे, बोलत राहावे. बहुधा सकाळी तेच मूल सर्वांत आधी न्याहारीच्या रांगेत दिसते. अंथरूण ओले करणाऱ्या मुलाची चादर इतरांच्या नकळत बदलावी. कोणत्याही प्रौढाने एकट्या मुलासोबत आडोशाला थांबू नये, हा नियम डॉक्टरांनाही लागू असावा.

माझ्या मुलाने त्या दोन दिवसांत माझ्याकडे फारसे पाहिलेही नाही. परतताना बसमध्ये त्याच्या गटातील पालकांनी सांगितले की, त्याने सर्वांची ताटे घासली. घरी त्याने कधी पेलाही विसळला नव्हता!

तेव्हापासून सर्टिफिकेट मागायला आलेल्या पालकांना मी बसवून घेते. आजार खरोखरच आटोक्यात नसेल, तर नकार लिहिते. एरवी औषध, मात्रा, ते कधी द्यायचे आणि कधी रुग्णालय गाठायचे, हे अर्ध्या पानावर शिक्षकांना कळेल अशा भाषेत लिहून देते. या कामाला सहीपेक्षा दहा मिनिटे अधिक लागतात. आपल्या संस्थेतील प्रत्येक डॉक्टरने ही दहा मिनिटे आणि हिवाळ्यातील एखादा शनिवार-रविवार जवळच्या शाळेला द्यावा, एवढीच माझी विनंती आहे.